रोबोट पडतो कशाने? बुद्धिमान यंत्रांच्या पदव्युत्तर अभ्यासात शिकवतात तरी काय

एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगला माणसांबरोबर यंत्रमानवांनीही हाफ मॅरेथॉनमध्ये भाग घेतला. २१ यंत्रमानव उतरले होते, शेवटपर्यंत पोचले ६. एकाने तर सुरुवातीलाच लोळण घेतली. पहिल्या आलेल्या 'थ्येनगोंग'ला २ तास ४० मिनिटं लागली, वाटेत त्याच्या बॅटऱ्या बदलाव्या लागल्या आणि तोही एकदा आडवा झालाच. याची चित्रफीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली आणि तासाभरात वहिनींचा फोन.

"भावजी, बघितलंत का ते? आमच्या पोरीला म्हणे हेच शिकायचंय. मेकॅनिकल झालं, हातात नोकरी आहे, तर म्हणते अजून दोन वर्षं रोबोटिक्स करते. अहो, धड चालताही येत नाही त्या मेल्यांना! पडतात कशाने एवढे?"

वहिनींनी वैतागून विचारलं खरं, पण त्यांच्या शेवटच्या वाक्यात जवळजवळ सगळा अभ्यासक्रम येतो. मीही याच वाटेने गेलो. गेली काही वर्षं पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत ऑटोमेशन बसवून द्यायचं काम करतो, आणि यंत्र का पडलं, का अडलं, का चुकलं हे शोधण्यातच माझा निम्मा दिवस जातो. फोनवर अर्धा तास बोललो, तरी वहिनींचं समाधान झालं नाही. म्हणून हे सविस्तर.

नावं चार, विषय एक

पहिला गोंधळ नावांचा. आयआयटी मुंबईत 'सिस्टिम्स अँड कंट्रोल' म्हणतात, बंगळूरच्या आयआयएससीत 'रोबोटिक्स अँड ऑटोनॉमस सिस्टिम्स', म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात 'रोबोटिक्स, कॉग्निशन, इंटेलिजन्स', तर इंग्लंडात लेस्टरच्या डी मॉंटफर्ट विद्यापीठात 'इंटेलिजंट सिस्टिम्स अँड रोबोटिक्स'. कुठे गणित जास्त, कुठे प्रोग्रामिंग जास्त, पण गाभा तोच.

बुद्धिमान प्रणाली म्हणजे आजूबाजूचा अंदाज घेऊन स्वतः निर्णय घेणारी, आणि निर्णयाचा परिणाम बघून पुढचं पाऊल बदलणारी व्यवस्था. तिला मोटरी जोडल्या की ती रोबोट. दिसणं माणसासारखं असायची काही गरज नाही. चाकणच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या रोबोटला तोंड नसतं, पाय नसतात, फक्त एक दणकट हात असतो. आणि त्यातले बरेचसे फार हुशारही नसतात: ठरलेल्या जागी ठरलेली हालचाल, दिवसाला हजारदा. सुटा भाग बोटभर सरकला तरी हा गडी हवेत वेल्डिंग करून मोकळा होतो.

सोपं ते अवघड

मार्च २०१६. सोलमध्ये अल्फागो या प्रोग्रामने 'गो' या खेळातल्या ली सेडोल या दिग्गजाला हरवलं. जगभर गाजावाजा झाला. पण त्या सामन्याची चित्रफीत नीट बघा. ली सेडोलच्या समोर एक माणूस बसलाय, आजा ह्वांग. अल्फागो पडद्यावर खेळी सांगतो आणि हा गृहस्थ डबीतली सोंगटी उचलून पटावर ठेवतो. जगज्जेत्याला हरवणाऱ्या अकलेला सोंगटी उचलायला माणूस दिला होता.

हान्स मोराव्हेक या संशोधकाने १९८८ मध्येच हे लिहून ठेवलं होतं: मोठ्या माणसांना घाम फोडणारी बुद्धिबळासारखी कामं यंत्राला सोपी, आणि वर्षाच्या पोराला जमणारी बघणं-चालणं-उचलणं ही कामं महाकठीण. याला 'मोराव्हेकचा विरोधाभास' म्हणतात. चालणं आपल्याला सोपं वाटतं, कारण त्यामागचा कोट्यवधी वर्षांचा सराव आपल्याला आयता मिळालाय.

टेबलावर दोन पेले ठेवा, एक काचेचा, एक स्टीलचा. रोबोटच्या डोळ्याच्या जागी बहुतेकदा खोली मोजणारा कॅमेरा असतो: तो अदृश्य प्रकाश टाकतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून अंतर काढतो. काचेतून तो प्रकाश आरपार जातो, त्यामुळे काचेचा पेला त्याच्या लेखी तिथे नसतोच. स्टीलच्या पेल्यावर प्रकाश भलतीकडेच परततो, म्हणून पेल्याच्या जागी एक वेडंवाकडं भोक दिसतं. आमच्या लॅबमध्ये हात पेल्यापर्यंत जायचा, थांबायचा, आणि पेल्याच्या दोन बोटं मागे मोठ्या आत्मविश्वासाने हवा पकडायचा. शेवटी आम्ही पेल्यांना खाकी कागद गुंडाळला आणि गाइडची बोलणी खाल्ली. "स्वयंपाकघरातली भांडी पण गुंडाळून ठेवणार आहात का?"

काळोखातली काडेपेटी

या सगळ्या अभ्यासातली एकच गोष्ट सांगायची परवानगी असेल, तर मी हीच सांगेन.

रात्री लाइट गेलीय. तुम्हाला पलंगावरून उठून देवघरातली काडेपेटी आणायचीय. घर पाठ आहे. तुम्ही मनात पावलं मोजत निघता. चार पावलं झाली, आता उजवीकडे वळायचं. पण अंधारात पावलं लहान पडतात, वळण थोडं तिरकं होतं, आणि प्रत्येक पावलाबरोबर 'मी नक्की कुठे आहे' ही खात्री कमी होत जाते. मग हाताला फ्रिजचं हँडल लागतं. एका क्षणात सगळा हिशेब जागेवर येतो. फ्रिज इथे म्हणजे देवघर डावीकडे. पुन्हा मोजणी सुरू.

रोबोटचं अगदी असंच चालतं. चाकं किती फिरली हे तो मोजतो, पण चाक गुळगुळीत फरशीवर घसरतं आणि चूक साचत जाते. मग सेन्सरला एखादी ओळखीची भिंत किंवा खांब दिसतो आणि तो हिशेब दुरुस्त करतो. खरा प्रश्न इथेच येतो. चाकं एक सांगतात, सेन्सर दुसरंच सांगतो. विश्वास कोणावर ठेवायचा?

समजा, चाकांच्या मोजणीप्रमाणे तुम्ही दारापासून ४ मीटरवर आहात, पण त्यात ४० सेंटिमीटरची चूक असू शकते. सेन्सर म्हणतो ४.५ मीटर, चूक १० सेंटिमीटरची. सरासरी काढली तर चांगल्या साक्षीदारावर अन्याय. फक्त सेन्सरचं ऐकलं तर चाकांनी दिलेली माहिती वाया. रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० मध्ये याचं नेटकं उत्तर दिलं: प्रत्येकाला त्याच्या भरवशाच्या प्रमाणात वजन द्या. चूक जितकी, तिच्या वर्गाच्या उलट्या प्रमाणात हा भरवसा धरतात. आपल्या उदाहरणात उत्तर येतं साधारण ४.४७ मीटर, आणि गंमत म्हणजे या उत्तरातली चूक १० सेंटिमीटरपेक्षाही किंचित कमी. म्हणजे वाईट साक्षीदारानेही थोडी मदत केली. हाच तो 'काल्मान फिल्टर'. अपोलो यानांनी चंद्राची वाट याच्याच मदतीने काढली.

आता समजा घरही ओळखीचं नाही. नव्या भाड्याच्या घरात पहिल्याच रात्री लाइट गेली, तर चालता चालता तुम्ही नकाशाही बनवता आणि त्याच नकाशात स्वतःची जागाही शोधता. जागा कळायला नकाशा हवा, नकाशा बनवायला जागा कळायला हवी. कोंबडी आधी की अंडं आधी! या कोड्याला या क्षेत्रात 'स्लॅम' म्हणतात, आणि घरात फिरणारा गोल झाडूवाला रोबोट रोज ते सोडवत असतो.

म्हणून वहिनी, दोन वर्षांतलं बरंचसं गणित संभाव्यतेचं असतं. 'मी कुठे आहे हे मला पक्कं माहीत नाही, पण किती माहीत नाही हे माहीत आहे', असं यंत्राला म्हणता आलं पाहिजे. पुष्कळ माणसांनाही हे जमत नाही, पण तो विषय वेगळा.

विसण आणि पडणं

आता पडण्याकडे. आंघोळीच्या बादलीत विसण घालताना आपण काय करतो? थोडं गार पाणी ओततो, हात घालून बघतो, अजून थोडं ओततो. परिणाम बघून कृती बदलायची, या चक्राला 'फीडबॅक' म्हणतात. बादलीत ते सोपं आहे, कारण हाताला लगेच कळतं. पण सोलरचं पाणी चौथ्या मजल्यावरून पाइपातून येत असेल तर? नळ सोडला, पाणी गारच. अजून सोडला, गारच. पूर्ण सोडला, आणि एकदम चटका! घाबरून बंद केला, तर पुन्हा गार. दुरुस्ती उशिरा पोचली आणि गरजेपेक्षा जास्त झाली की अशी हेलकाव्यांची रांग लागते.

दोन पायांवरचा यंत्रमानव याच पाइपाच्या टोकाला उभा असतो. तोल पुढे गेला हे सेन्सरला कळलं, गणित झालं, मोटरला हुकूम गेला, मोटरने जोर लावला. यात सेकंदाचा छोटासा अंश जास्त गेला तरी शरीर पुढे गेलेलं असतं. मग जास्त जोराची दुरुस्ती, मग मागे झोक, मग लोळण. आत्ताची चूक किती, आतापर्यंत साचलेली किती आणि ती कोणत्या वेगाने वाढतेय, या तिन्हींचा मेळ घालणाऱ्या पद्धतीला 'पीआयडी' म्हणतात. कारखान्यातल्या भट्ट्या, मोटरी, पंप मुख्यतः तिच्यावरच चालतात. चालणाऱ्या रोबोटला त्यापुढचं गणित लागतं, पण झगडा तोच.

जाता जाता: 'कोमट' हा शब्दही या अभ्यासक्रमात आहे. यंत्राला गरम आणि गार कळतं, अधलंमधलं कळत नाही. लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये अशा अर्धवट शब्दांचं गणित मांडलं, पाणी 'थोडं गरम' आणि 'थोडं गार' एकाच वेळी असू शकतं असं. तेच 'फझी लॉजिक', जे आपल्याकडच्या वॉशिंग मशीनवर स्टिकर होऊन मिरवत होतं. चिमूटभर, बेताचं, अंदाजाने यांवर स्वयंपाक चालवणाऱ्या घरात हे फार समजावावं लागू नये.

हात कुठे पोचवायचा हे माहीत असताना खांदा, कोपर, मनगट किती वळवायचं हे उलट काढणं, अडथळे टाळून जवळची वाट शोधणं, हेही विषय असतातच. वाट शोधण्याच्या प्रसिद्ध 'ए-स्टार' पद्धतीचं वागणं पेठेतल्या रिक्षावाल्यासारखं असतं: आतापर्यंत किती अंतर कापलं आणि स्वारगेट अंदाजे अजून किती लांब, दोन्ही धरून पुढची गल्ली निवडायची. ती १९६८ ची आहे आणि अजून शिकवतात.

अक्कल किती घालायची?

चंद्रयान-३ चं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात हुशार यंत्र आणि सांगकाम्या यंत्र एकाच मोहिमेत आहेत.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रमने सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून उतरायला सुरुवात केली तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जवळपास १.६८ किलोमीटर होता. पृथ्वीवरून चंद्रावर संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात यान चार किलोमीटर पुढे. म्हणजे बंगळूरहून सूचना देण्यात अर्थच नव्हता. उंची मोजणं, वेग कमी करणं, खालचे दगडधोंडे बघून जागा निवडणं, सगळं त्याचं त्यानेच केलं.

त्यातून बाहेर आलेला २६ किलोचा प्रज्ञान मात्र सेकंदाला एक सेंटिमीटर चालायचा. त्याला कसली घाई? तो फोटो पाठवायचा, इथली माणसं त्यावरून जमिनीचा चढउतार काढून वाट ठरवायची आणि हुकूम पाठवायची. २७ ऑगस्टला तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा दिसला, तर त्याला सरळ माघारी वळवलं. जिथे वेळ आहे तिथे माणसाची अक्कल वापरायची, जिथे नाही तिथे यंत्राला द्यायची. हा निर्णय करता येणं हेही शिक्षणच. माझ्या धंद्यात ग्राहक सर्रास 'एआय टाका' म्हणतात, आणि निम्म्या वेळा तिथे दोनशे रुपयांचा लिमिट स्विच, म्हणजे भाग जागेवर पोचला की दाबला जाणारा साधा खटका, पुरतो.

'आता सगळं एआयच शिकतं ना, मग गणित कशाला?'

पुतणीचा वर्गमित्र असं म्हणाला म्हणे. त्याचं अगदीच चुकीचं नाही. हल्ली बरेच चालणारे रोबोट नियम लिहून चालवत नाहीत, सरावाने तयार करतात. सायकल शिकवताना आपण पोराला तोलाची समीकरणं सांगत नाही. पडलं की लागतं, टिकलं की मजा येते, यातून ते शिकतं. बक्षीस आणि शिक्षेतून शिकण्याच्या या पद्धतीला 'रीइन्फोर्समेंट लर्निंग' म्हणतात. फक्त खरा रोबोट लाखभर वेळा पाडणं परवडत नाही. म्हणून संगणकात हजारो नकली रोबोट एकाच वेळी पाडतात, आणि शिकलेलं खऱ्यात उतरवतात.

आणि तिथेच फसतं. संगणकातली फरशी एकसारखी असते. खऱ्या फरशीवर धूळ असते, सांधे असतात, कोणीतरी नुकतीच पुसलेली असते. म्हणून सराव करवतानाच मुद्दाम फरशी कधी निसरडी, कधी खडबडीत करतात, रोबोटचं वजन कमीजास्त करतात. काय आणि किती बदलायचं, हे कळायला पुन्हा तेच जुनं गणित लागतं. ते न येणारा माणूस नुसती बटणं फिरवत बसतो.

'यूट्यूबवर शिकता येत नाही का?'

निम्मं येतं, आणि मी ते कमी लेखत नाही. रोबोट चालवण्याची 'रॉस' नावाची सॉफ्टवेअरची जोडणी फुकट मिळते, सिम्युलेटर फुकट मिळतात. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेतून बीईच्या मुलांना खऱ्या कामाची चव मिळते. ज्याला फक्त नोकरीपुरतं हवंय त्याने आधी हेच करून बघावं.

पण जे घरी मिळत नाही ते म्हणजे बिघडणारं महागडं यंत्र आणि त्याच्याजवळ रात्री अकराला उभा असलेला सीनिअर. माझ्या थिसिसमधला रोबोट रोज चारनंतर भिंतीला धडकायचा. आठवडाभर प्रोग्राम धुंडाळला. कारण निघालं पश्चिमेची खिडकी: उतरतं ऊन सेन्सरच्या डोळ्यात जायचं. पडदा लावला, प्रश्न मिटला. हे कुठल्याही व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

मेकॅनिकलच्या मुलीला जमेल का?

जमेल, पण पहिलं सत्र अंगावर येईल. कॉम्प्युटरवाल्यांना बल आणि आघूर्ण (फिरवणारा जोर) कळत नाही, मेकॅनिकलवाल्यांना प्रोग्रामिंग नीट येत नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना वाटतं आपल्याला दोन्ही येतं. सगळ्यांना मॅट्रिक्सचं गणित आणि संभाव्यता पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. प्रवेशाआधीच्या सुट्टीत हे दोन विषय आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा एवढं केलं तर पुढे श्वास घ्यायला वेळ मिळतो.

इथे की परदेशात? गेट ही प्रवेश परीक्षा देऊन इथे एम.टेक. मिळालं तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड आणि दोन वर्षं लॅब. इंग्लंडचा एमएससी साधारण वर्षभराचा, त्यातही प्रकल्पाला उन्हाळ्याचे तीनेक महिने. यंत्राच्या बिघाडांशी झटायला ते फार थोडे आहेत, असं माझं स्पष्ट मत. जर्मनीत दोन वर्षं मिळतात, पण म्युनिकच्या त्या विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी सुरू केलीय. कर्ज काढून जायचं असेल तर लॅब कोणाची, गाइड कोण, तिथल्या मुलांचे थिसिस कसे आहेत, हे आधी बघावं. कॉलेजच्या माहितीपत्रकावरचा हसरा यंत्रमानव बघून ठरवू नये.

'आणि लोकांच्या नोकऱ्या?'

हा प्रश्न वहिनींनी नाही, भाऊंनी विचारला. भाऊ युनियनमध्ये होते.

२०२३ मध्ये जगात सुमारे ५ लाख ४१ हजार नवे औद्योगिक रोबोट बसले, निम्म्याहून अधिक चीनमध्ये, भारतात साडेआठ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे हे काम वाढणार आणि ते करणारी माणसंही लागणार. पण मी भाऊंना खोटं सांगितलं नाही. मी स्वतः अशी एक रांग उभी केलीय जिथे आधी सहा जण उभे असायचे आणि आता दोघं असतात. त्या चौघांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, आणि ते मला अजून खुपतं.

दुसरीकडे केरळच्या तरुणांनी बनवलेला 'बँडिकूट' हा गटार साफ करणारा रोबोट आहे. २०१८ पासून तो मॅनहोलमध्ये उतरतोय. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरतात आणि गुदमरून मरतात. तिथे एका माणसाचं काम यंत्राने घेतलं तर भाऊंचीही हरकत नव्हती.

गेल्या रविवारी पुतणी घरी आली तेव्हा मी तिला एक दोनचाकी छोटा रोबोट दिला. हॉलमध्ये खडूने एक खूण केली आणि म्हटलं, याला एक मीटर बाजूचा चौकोन काढून याच खुणेवर परत आणून दाखव. प्रोग्राम दहा ओळींचा. रोबोट निघाला, चार वेळा वळला आणि खुणेपासून बराच लांब थांबला. वहिनींनी शिवणाची टेप आणून मोजलं: अकरा सेंटिमीटर. पुन्हा सोडला, सात. पुन्हा, चौदा, आणि तेही दुसऱ्या बाजूला.

"प्रोग्राम तोच ना?" वहिनी म्हणाल्या.

"तोच."

"मग दर वेळी वेगळं कसं?"

पुतणी फरशीवर पालथी पडून डावं चाक बघत होती. त्याला सोफ्याखालचा केसांचा गुंता अडकला होता. तो तिने काढला, वही उघडली, आणि आईला म्हणाली, "टेप धर, आता वीस वेळा मोजायचंय."